‘आणि सोबती’ : आकापुल्कोच्या वाटेवरील एक सायकलयात्रा

दरवर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभेच्या उपासना-दिनदर्शिकेत एक ओळ येते : संत पॉल मिकी आणि सोबती, रक्तसाक्षी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर प्राणार्पण करणाऱ्या सव्वीस जणांचा हा स्मृतिदिन. आपण वसईकर ही ओळ वाचतो तेव्हा आपली नजर पॉल मिकी यांच्या नावावर फार वेळ थांबत नाही. ती ‘सोबती’ या शब्दाकडे जाते, कारण त्या शब्दात आपला गोन्सालो गार्सिया आहे.

मेक्सिकोत हाच स्मृतिदिन एक दिवस आधी, ५ फेब्रुवारीला येतो आणि तेथे तो संत फेलिपे दे हेसुस यांचा सण असतो. फेलिपे हे मेक्सिको शहरात जन्मलेले. तेथील भाविकांच्या लेखी पॉल मिकी आणि गोन्सालो हे दोघेही ‘सोबती’च. वसईत आपण तरी काय वेगळे करतो? उरलेल्या पंचवीस जणांपैकी चौघांची नावे सांगा, असे आम्ही आमच्या धर्मग्रामात एकदा विचारले होते. उत्तर आले नाही. खरे सांगायचे तर पुस्तक उघडल्याशिवाय आम्हांलाही ती सांगता आली नसती.

या एका शब्दाने आम्हांला मेक्सिकोला नेले, आणि तेही सायकलवरून. रोममध्ये शिकत असताना आमच्यासोबत एक मेक्सिकन धर्मगुरू होते. एके दिवशी जेवणाच्या मेजावर ते म्हणाले, “नागासाकीचे सव्वीसही जण आमच्या कुएर्नावाकाच्या कॅथेड्रलच्या भिंतींवर रंगवलेले आहेत. तुमचा गोन्सालो आमच्या घरी आहे आणि तुम्ही त्याला भेटायलासुद्धा येत नाही!” त्या आमंत्रणाला बरीच वर्षे उलटली. अखेर २०१९ च्या जानेवारीत योग आला. तोवर आमचे वय पन्नाशीला टेकले होते. आकापुल्को बंदरापासून कुएर्नावाकापर्यंतचा जुना डोंगरी मार्ग सायकलने चढायचा आणि ५ फेब्रुवारीला त्या भिंतींसमोर उभे राहायचे, असा बेत ठरला. आम्ही, आमचे ते मित्र आणि त्यांच्या धर्मग्रामातील दोन तरुण असे चौघे जण होतो.

निघण्याआधी आमच्या धर्मग्रामातील एक ऐंशी वर्षांच्या आजी म्हणाल्या, “फादर, इतक्या लांब विमानाने जाता, मग पुढे सायकल कशाला?” त्या क्षणी आम्ही हसून वेळ मारून नेली. उत्तर आम्हांला वाटेत सापडले.

वसई पाहिलेला एक प्रवासी

आकापुल्को हे नाव आज पर्यटनाशी जोडले गेले आहे. परंतु १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, ते आशिया आणि अमेरिका या दोन खंडांमधील दार होते. १५६५ साली ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू आन्द्रेस दे उर्दानेता यांनी फिलिपाइन्सहून पूर्वेकडे प्रशांत महासागर ओलांडून परतण्याचा मार्ग शोधला. तेव्हापासून मनिला आणि आकापुल्को यांच्या दरम्यान मोठी गलबते ये-जा करू लागली. मनिलाहून रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले आणि हिंदुस्थानचे सुती कापड येई. आकापुल्कोहून मेक्सिकोची चांदी जाई. पूर्वेकडची सफर चार ते सहा महिन्यांची असे आणि तीत कितीतरी माणसे दगावत.

या सागरी मार्गाने आलेल्या एका इटालियन प्रवाशाची वसईकरांनी ओळख ठेवायला हवी. जोव्हान्नी फ्रान्चेस्को जेमेल्ली कारेरी हे त्याचे नाव. १६९५ साली तो दमणहून वसईला आला. किल्ल्याबाहेरच्या कसब्याच्या वाड्या पाहून तो हरखून गेला. मैलोन्‌मैल पसरलेल्या बागा, माड, केळी, आंबे, उसाचे मळे आणि पाणी देणारे रहाट यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. या वाड्या ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू असे सर्व धर्मांचे शेतकरी कसतात, हेही तो नमूद करतो. पुढे गोवा, चीन असे करीत तो मनिलाला पोहोचला, १६९६ मध्ये गलबतावर चढला आणि सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून १६९७ च्या जानेवारीत आकापुल्कोला उतरला. तेथून तो खेचरावर बसून मेक्सिको शहराकडे गेला. वसईच्या वाड्या आणि आकापुल्कोचा चढ एकाच प्रवासात पाहून त्यावर लिहिणारा हा माणूस आम्ही आमचा वाटाड्या मानला. ज्या मार्गाने तो खेचरावरून गेला, त्याच दिशेने आम्ही सायकलवरून निघणार होतो.

सायकल वसईला नवी नाही. आमच्या लहानपणी धर्मग्रामाचे फादर पांढरा झगा आवरून सायकलवरूनच आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन द्यायला जात. केळीचे लोंगर कॅरिअरला बांधून पहाटे स्टेशन गाठणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. त्या संस्कारामुळे असेल, आकापुल्कोला मित्रांनी लोखंडी सायकल हाती दिली तेव्हा परकेपणा वाटला नाही. गियरचे गणित मात्र त्या दोन तरुणांकडून शिकावे लागले.

बंदरावरचा मुक्काम

आकापुल्कोत आम्ही तीन दिवस राहिलो. शहराच्या चौकात एकांतवासी मातेला अर्पण केलेले कॅथेड्रल आहे. त्याचे निळे-पिवळे घुमट उन्हात दुरून चमकतात. बंदराच्या वरच्या अंगाला सान दिएगो किल्ला आहे. १६१५ साली डच आरमार बंदरात आल्यानंतर स्पॅनिश सत्तेने घाईघाईने तो बांधायला घेतला. १७७६ च्या भूकंपात तो कोसळला आणि पुन्हा पाच बुरुजांचा नवा किल्ला उभा राहिला. आता तेथे संग्रहालय आहे. गलबतांतून आलेल्या वस्तू पाहत आम्ही दालनांतून फिरलो तेव्हा वसईच्या किल्ल्याची आठवण येणे अपरिहार्य होते. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या दोन किल्ल्यांत, दोन वेगळ्या राजसत्तांच्या आश्रयाने, एकाच शतकात एकच प्रार्थना म्हटली जात होती आणि एकाच तऱ्हेचा व्यापार चालत होता.

संध्याकाळी किनाऱ्यावर एक विक्रेता पांढरट पेय विकत होता. आम्ही चव घेतली आणि एकदम म्हणालो, “अरे, ही तर माडी!” त्याने नाव सांगितले ‘तुबा’. आमच्या मित्रांनी खुलासा केला. मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर नारळ आणि माडाचा रस काढण्याची कला मनिलाच्या गलबतांवरील फिलिपिनो खलाशांबरोबर आली. समुद्रावरील हाल नकोसे झालेले कित्येक खलाशी परत न जाता येथेच राहिले, माडावर चढू लागले आणि येथलेच होऊन गेले. मेक्सिकोत एका आंब्यालाही ‘मनिला’ म्हणतात. उलट दिशेने आपल्याकडे काय आले, याचा हिशेब तर प्रत्येकाच्या घरात आहे. मिरची, पेरू, सीताफळ, चिकू आणि सणासुदीचा झेंडू ही सगळी मूळची अमेरिका खंडाकडची, आणि त्यांतील मिरची, चिकू व झेंडू तर मेक्सिकोच्याच मातीतली.

बंदराचे हे रूप मनाला आनंद देणारे आहे. दुसरे रूप संग्रहालयाच्या फलकांवर थोडक्यात येते आणि वाचणारा पुढे निघून जातो. त्याच गलबतांतून माणसेही विकायला येत. फिलिपाइन्स, मलाया, बंगाल, मलबार अशा कोठल्याही किनाऱ्यावरून पकडलेल्या किंवा विकत घेतलेल्या माणसाला मेक्सिकोत एकच नाव मिळे : ‘चिनो’, म्हणजे चिनी. नाव, गाव, भाषा आणि मातापिता या सर्वांच्या जागी एक शब्द.

या ‘चिनो’ गुलामांपैकी एक मुलगी आपल्या देशातील होती. मोगलांच्या राज्यात जन्मलेल्या या मुलीचे मूळ नाव मिर्रा होते, असे तिच्या चरित्रकारांनी तिच्याच तोंडून ऐकून लिहिले आहे. लहान वयात पोर्तुगीज चाच्यांनी तिला किनाऱ्यावरून पळवले. कोचीनला तिचा बाप्तिस्मा झाला आणि कातारिना दे सान हुआन हे नाव तिला मिळाले. मनिलाच्या बाजारात ती विकली गेली आणि १६२० च्या सुमारास आकापुल्कोला उतरली. तेथून तिला पुएब्ला शहरी नेण्यात आले.

किल्ल्याच्या तटावर उभे राहून आम्ही त्या बंदराकडे पाहिले. आम्ही गोन्सालोच्या शोधात आलो होतो. गोन्सालो या बंदरात कधी उतरलेच नाहीत. त्यांचे चित्र तेवढे या देशात आहे. आपल्या देशातून देहाने येथे आली ती ही मुलगी, आणि तिच्याविषयी गुरुविद्यालयाच्या इतक्या वर्षांत आम्ही एक शब्दही ऐकला नव्हता.

चढ

२८ जानेवारीला पहाटे मिस्सा करून आम्ही निघालो. आकापुल्कोपासून मेक्सिको शहरापर्यंत आता द्रुतगती महामार्ग आहे आणि मोटार काही तासांत वर पोहोचते. आम्ही जुना रस्ता धरला. हा रस्ता एकसारखा चढत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १२५० मीटर उंचीच्या चिल्पान्सिंगोपर्यंत तो चढतो, मग बाल्सास नदीच्या तप्त खोऱ्यात खोल उतरतो, इग्वालापासून पुन्हा चढून टास्कोला १७०० मीटरच्या वर जातो आणि मग कुएर्नावाकाला १५०० मीटरवर येतो. मेक्सिको शहर गाठायचे तर त्यापुढे ३००० मीटरची खिंड उरतेच. जे चढलो ते उतरायचे आणि पुन्हा चढायचे, असा हा मार्ग आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हाने आमची शुद्ध हरपते की काय असे झाले. एका झाडाखाली तरुणांनी आम्हांला निजवले आणि मीठ-साखरेचे पाणी पाजले. डोळे मिटून पडलो असता मनात एकच विचार आला. आमच्याजवळ पाणी होते, खांद्यावर हात ठेवणारे सोबती होते आणि नको वाटले तर परत जाण्याची मुभा होती. याच चढावरून खेचरांच्या तांड्यांबरोबर जे गुलाम वर नेले गेले, त्यांना यांपैकी काहीही नव्हते. पुस्तकात आम्ही ‘आकापुल्कोहून पुएब्लाला नेण्यात आले’ हे वाक्य वाचले होते. त्या वाक्यात किती दिवस आहेत, किती ऊन आहे, हे त्या झाडाखाली कळले. आजींच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेथे मिळाले. मोटारीतून हा रस्ता दिसतो. सायकलवरून तो अंगाला लागतो, आणि त्यावरून गेलेल्या माणसांची थोडीफार कल्पना येते.

बाल्सास या नदीच्या नावाचा अर्थच तराफे असा आहे. पूल नव्हते तेव्हा वाळलेल्या भोपळ्यांवर बोरू बांधून केलेल्या तराफ्यांवरून माणसे आणि माल पलीकडे जाई. १८०३ साली याच मार्गाने वर गेलेल्या जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांनी अशा तराफ्यांची नोंद केली आहे. आम्ही काँक्रीटच्या पुलावरून नदी ओलांडली. पलीकडे काट्याने चाक बसले. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने ते काढले, ठिगळ लावले आणि पैसे घेण्यास नकार दिला. दर डिसेंबरला तो आपल्या गावच्या मंडळींबरोबर सायकलवरून ग्वादालुपे मातेच्या दर्शनाला मेक्सिको शहरी जातो, मातेची तसबीर पाठीवर बांधून. १२ डिसेंबरच्या सणाआधी देशाच्या कानाकोपऱ्यांतून असे सायकलस्वारांचे जथे निघतात. आम्हीही तसेच यात्रेकरू आहोत असे त्याने गृहीत धरले. “माझ्यासाठी मातेजवळ एक मेणबत्ती लावा,” एवढेच तो म्हणाला.

खेचरवाला धर्मगुरू

चिल्पान्सिंगो हे आज गेरेरो राज्याचे राजधानीचे शहर आहे. १८१३ च्या सप्टेंबरात येथे स्वतंत्र मेक्सिकोची पहिली प्रतिनिधिसभा भरली. ती बोलावणारे होसे मारिया मोरेलोस हे धर्मगुरू होते, काराकुआरो या दूरच्या, उष्ण आणि गरीब धर्मग्रामाचे. धर्मगुरू होण्यापूर्वी, तरुणपणी, त्यांनी खेचरांचे तांडे हाकण्याचे काम केले होते. आकापुल्कोच्या या वाटेवरचा माल त्यांनी स्वतः वाहिला होता. त्या सभेपुढे त्यांनी जी कलमे मांडली त्यांत गुलामगिरी कायमची बंद व्हावी आणि जातिभेद नाहीसा व्हावा, हे स्पष्टपणे लिहिलेले होते. त्यांच्याआधी १८१० साली मिगेल इदाल्गो या दुसऱ्या धर्मगुरूंनी ग्वादालाहारा येथे गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला होता.

मोरेलोस यांनी शस्त्र हाती घेतले. १८१३ च्या ऑगस्टमध्ये आकापुल्कोचा किल्ला त्यांनीच जिंकला. या मार्गाचे आम्ही समर्थन करीत नाही. चर्चच्या न्यायासनाने त्यांचे धर्मगुरुपद काढून घेतले आणि २२ डिसेंबर १८१५ रोजी राजसत्तेने त्यांना गोळ्या घालून ठार केले. ज्या वर्षी मोरेलोस गेले, त्याच वर्षी गलबतांचा अडीचशे वर्षांचा व्यापार संपला. त्यांचे सहकारी व्हिसेंते गेरेरो यांचा जन्म चिल्पान्सिंगोजवळच्या तिक्स्तला गावचा. आफ्रिकन वंशाचे रक्त अंगात असलेला हा माणूस पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १५ सप्टेंबर १८२९ रोजी त्याने गुलामगिरी रद्द केली. राज्याला त्याचेच नाव आहे. ज्या वाटेने गुलाम वर गेले, त्याच वाटेवरच्या खेड्यांतून गुलामगिरी मोडणारी माणसे उभी राहिली, ही गोष्ट आम्हांला पुस्तकात कधी जोडता आली नव्हती.

या प्रदेशाचे आजचे दुःखही सांगितले पाहिजे. इग्वाला येथे २६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री आयोत्सिनापाच्या शिक्षक-विद्यालयाचे ४३ विद्यार्थी नाहीसे करण्यात आले. इग्वाला ते टास्को या रस्त्यावर ५ फेब्रुवारी २०१८ रोजी, आमच्या यात्रेच्या अवघे एक वर्ष आधी, दोन धर्मगुरूंची गोळ्या झाडून हत्या झाली होती. जपानच्या रक्तसाक्षींचा तो स्मृतिदिन. स्थानिक धर्मगुरूंनी आम्हांला दुपारी तीननंतर रस्त्यावर राहू नका असे बजावले आणि एका टप्प्यावर सायकली आपल्या गाडीत घालून स्वतः आम्हांला पुढे सोडले. सायकलयात्रेचा आमचा अभिमान त्यामुळे थोडा उणा झाला, पण त्यांची काळजी मोडणे आम्हांला योग्य वाटले नाही. ज्या ठिकाणी त्या दोघांचा अंत झाला त्या परिसरातून जाताना गाडीत कोणी बोलले नाही. आमच्या मित्रांनी जपमाळ सुरू केली.

२ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, आम्ही टास्कोत होतो. चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या होसे दे ला बोर्दा यांनी १७५१ ते १७५८ या काळात बांधलेले सान्ता प्रिस्का चर्च तेथे आहे. लोक बाळ येशूच्या मूर्तींना नवी वस्त्रे लेववून आशीर्वादासाठी आणतात. तीन राजांच्या सणाच्या पावात ज्याला बाळाची इवली मूर्ती सापडते, त्याने या दिवशी सर्वांना तामाले खाऊ घालायचे, अशी रीत आहे. केळीच्या किंवा मक्याच्या पानात शिजवलेले ते मक्याचे पीठ खाताना आम्हांला घरच्या पानग्यांची आठवण झाली.

भिंतीवरचे सव्वीस

४ फेब्रुवारीला सूर्यास्तापूर्वी आम्ही कुएर्नावाकाला पोहोचलो. तेथील कॅथेड्रल मुळात सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कन मठाचे चर्च आहे. आशियाकडे निघालेले मिशनरी याच मार्गाने आकापुल्कोला उतरत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस महागुरू सर्जिओ मेन्देझ आर्सेओ यांच्या काळात चर्चचा जीर्णोद्धार सुरू झाला, आणि लेप काढता काढता आतील दोन्ही लांब भिंतींवर जुनी चित्रे उघडी पडली. नागासाकीच्या रक्तसाक्षींची ती चित्रे होती.

प्रसंग आपल्याला ठाऊक आहे, तरी त्याचा मेक्सिकोशी असलेला धागा सांगायला हवा. जुलै १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे गलबत मनिलाहून आकापुल्कोला निघाले. त्यावर फेलिपे दे हेसुस होते. मनिलात त्या वेळी महागुरू नसल्यामुळे गुरुदीक्षेसाठी ते आपल्या जन्मगावी मेक्सिकोला परतत होते. वादळांनी जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांनी त्यावरचा प्रचंड माल जप्त केला. मिशनरी म्हणजे स्पेनच्या सैन्याचे अग्रदूत, हा संशय या प्रकरणात बळावला. तो संशय कोणी पेटवला यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांनी एकमेकांना दोष दिला. त्या संशयाची किंमत मात्र सव्वीस जणांनी दिली. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक, ज्यांत कोवळी मुलेही होती. फ्रान्सिस्कनांपैकी दोघे म्हणजे मेक्सिकोचे फेलिपे आणि वसईचे ब्रदर गोन्सालो. १५९३ पासून गोन्सालो हे हिदेयोशी यांच्या दरबारी फ्रान्सिस्कनांचे दुभाषी होते. पोर्तुगीज पिता आणि वसईची माता यांचा हा मुलगा आधी येशूसंघीयांबरोबर, मग व्यापारी म्हणून जपानची भाषा शिकला होता. सर्वांच्या डाव्या कानाची पाळी कापून, भर थंडीत सुमारे महिनाभर चालवत त्यांना क्योतोहून नागासाकीला नेण्यात आले.

भिंतीवर हे सारे आहे. गाड्यांतून काढलेली धिंड, होड्या, पाहणारी गर्दी, क्रुसांची रांग आणि हिदेयोशी यांच्या हुकुमाचा उल्लेख करणारी मोठ्या अक्षरांतील ओळ. रंग विटलेले आहेत आणि मोठे भाग गळून पडले आहेत. ५ फेब्रुवारीला सकाळच्या मिस्सेनंतर आम्ही त्या भिंतीजवळ बराच वेळ उभे होतो. फ्रान्सिस्कन झगा घातलेल्या आकृतींकडे आम्ही एकेक करून पाहिले. वेदीची फुले आवरणाऱ्या एका बाईंनी आमच्या मित्रांना विचारले, “पाद्रे कोणाला शोधताहेत?” आमच्या संताला, असे त्यांनी सांगितले. बाई कौतुकाने म्हणाल्या, “यातला कोणता तो?” आम्हांला बोट दाखवता आले नाही.

क्षणभर वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. इतका चढ चढून आलो आणि आपल्या माणसाचा चेहरा ओळखता येईना. नंतर वाटले की ज्याने हे चित्र रंगवले त्याला बहुधा तेच हवे होते. भिंतीवर एक रांग आहे. तीत जपानी सुतार आहे, मुले आहेत, स्पॅनिश गुरुजन आहेत, मेक्सिकन तरुण आहे आणि वसईचा दुभाषी आहे. १६२७ साली पोप आठवे उर्बन यांनी त्यांना धन्य घोषित केले आणि १८६२ साली पोप नववे पायस यांनी संतपद दिले, ते सर्वांना एकदमच. रांगेतून आपला एक जण वेगळा काढून त्याच्या नावाने देऊळ बांधायला हरकत नाही. पण रांग विसरली, तर तो एकटा कशासाठी मेला हेही हळूहळू विसरले जाते.

पुएब्ला

कुएर्नावाकानंतर आमचे गुडघे थकले. खिंड ओलांडून मेक्सिको शहरी आम्ही बसने गेलो, सायकली बसच्या पोटात. ग्वादालुपे मातेच्या बॅसिलिकात पंक्चरवाल्याच्या नावाने मेणबत्ती लावली. मेक्सिको शहराच्या कॅथेड्रलमध्ये फेलिपे यांचे स्वतंत्र चॅपेल आहे, तेथे प्रार्थना केली. मग आम्ही पुएब्लाला गेलो. आता कातारिनाला भेटल्याशिवाय परतणे शक्य नव्हते.

पुएब्लात तिला मिगेल दे सोसा या कप्तानाने विकत घेतले. तो आणि त्याची पत्नी दोघेही श्रद्धाळू होते, असे चरित्रे सांगतात. हे वाक्य आमच्या घशात अडकते. दररोज मिस्सेला जाणाऱ्या घरात मुलगी विकत आणली जाते आणि कोणालाही त्यात विसंगती दिसत नाही. सोसाच्या मृत्युपत्राने ती मुक्त झाली. पुढे एका धर्मगुरूच्या घरी तिने काम केले आणि तिचे लग्न एका ‘चिनो’ गुलामाशी लावण्यात आले. उरलेले दीर्घ आयुष्य तिने प्रार्थनेत आणि दारिद्र्यात घालवले. लोक तिच्याकडे सल्ल्याला येत. १६७२ साली मेक्सिकोतील ‘चिनो’ गुलामांना मुक्त करण्याचा राजहुकूम निघाला, तो तिने वृद्धपणी पाहिला. ५ जानेवारी १६८८ रोजी ती निवर्तली तेव्हा अंत्ययात्रेला शहर लोटले आणि येशूसंघीयांच्या चर्चमध्ये तिला मूठमाती देण्यात आली.

आलोन्सो रामोस या येशूसंघीयांनी १६८९ ते १६९२ या काळात तिचे तीन खंडांचे चरित्र छापले. त्यातील दृष्टांतांच्या कथांचा अतिरेक पाहून धर्मन्यायासनाने पुस्तकावर बंदी घातली, आणि तिच्या तसबिरी बाळगण्यासही मनाई झाली. होसे देल कास्तियो ग्राहेदा या दुसऱ्या धर्मगुरूंनी लिहिलेल्या छोट्या चरित्रात तिचे मोडकेतोडके स्पॅनिश जसेच्या तसे उतरवले आहे. आयुष्यभर त्या देशात राहूनही ती परक्या जिभेनेच बोलली. मेक्सिकोच्या ‘चिना पोब्लाना’ या प्रसिद्ध पोशाखाशी लोक तिचे नाव जोडतात. इतिहासकारांना ते मान्य नाही. तो पोशाख नंतरच्या काळातला आहे.

कंपानिया चर्चमध्ये गुडघे टेकून आम्ही विचार करीत होतो तो वसईचा. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज सत्ता असलेल्या आपल्या शहरातील सरदारांच्या घरांतही गुलाम होते. गोव्याच्या बाजारात माणसांची जाहीर विक्री होत असे, हे त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. ज्या घंटांच्या आवाजात गोन्सालो लहानाचे मोठे झाले, त्याच घंटांचा आवाज ते गुलामही ऐकत होते. आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासात आपण चर्च बांधणाऱ्यांची नावे लिहितो. ज्यांनी दगड वाहिले त्यांच्यासाठी आपल्यापाशी ‘आणि सोबती’ एवढाही शब्द नाही.

आकापुल्कोची आठवण काढताना आता मन जड होते. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘ओटिस’ हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ त्या शहरावर आदळले. ज्या कुटुंबाने आम्हांला तीन दिवस ठेवून घेतले होते, त्यांचे छप्पर उडाले. माणसे सुखरूप आहेत, असा निरोप मित्रांकडून आला. आमच्या धर्मग्रामाने यथाशक्ती मदत पाठवली. गलबतांच्या काळानंतर वसईहून त्या बंदराला गेलेली ती बहुधा अगदीच छोटी गोष्ट असेल, पण या वेळी कोणाला विकत घेण्यासाठी ती गेली नव्हती.

परतल्यानंतरच्या वर्षी संत गोन्सालो यांच्या सणाला आम्ही श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक विनंती वाढवली. कातारिनाला ख्रिस्तसभेने संतपद दिलेले नाही, त्यामुळे आम्ही तिची मध्यस्थी मागितली नाही. तिच्यासाठी, आणि आपल्या किनाऱ्यांवरून विकल्या गेलेल्या व नाव न उरलेल्या सर्वांसाठी प्रार्थना केली. गोन्सालो यांचे नाव घेतल्यावर सव्वीसही नावे वाचली. त्याला चार मिनिटे लागली आणि मागच्या बाकांवर थोडी चुळबुळ झाली.

मिस्सेनंतर त्या आजी काठी टेकीत सॅक्रिस्टीच्या दाराशी आल्या. “ती मुलगी कोण, फादर?” त्यांनी विचारले. आम्ही सगळी हकीकत सांगितली, सायकलचे कारणही. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, “पुढच्या वर्षी तिचं नाव आधी घ्या. गोन्सालोला तर सगळेच ओळखतात.”

त्यानंतर दरवर्षी आम्ही तसेच करीत आलो आहोत.